आतून मोठं भरणारं घर

कोल्हापूरच्या भवानी मंडपातून कसबा बावड्याकडे निघालं की वाटेत न्यू पॅलेस लागतो. काळ्या दगडाची, घड्याळाचा मनोरा असलेली ही इमारत १८७७ ते १८८४ या काळात बांधली गेली. लोक आतलं संग्रहालय पाहतात, मनोऱ्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जोतिबाला किंवा पन्हाळ्याला जातात. तिचा आराखडा करणाऱ्या मेजर चार्ल्स मँटचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. मँट ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर. कोल्हापूरचा टाऊन हॉल त्याचा, बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही मुळात त्याचाच. वास्तुकलेच्या इतिहासात त्याच्या अखेरीची एक कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते. आपली आकडेमोड कुठेतरी चुकली आहे आणि आपण उभ्या केलेल्या इमारती कोसळणार आहेत, या विचाराने त्याला घेरलं, त्याचं मन ताळ्यावर राहिलं नाही आणि १८८१ मध्ये तो वारला. न्यू पॅलेस पुरा व्हायला तेव्हा तीन वर्षं बाकी होती.

या कथेत खरं किती आणि मागाहून जोडलेलं किती, ते इतिहासकारांनी ठरवावं. मला तिच्यातली भीती महत्त्वाची वाटते. तिथे भूत नाही, शाप नाही, अमावास्याही नाही. माणूस स्वतःच्या मोजमापाला भ्यायला, एवढंच. मँटच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षं व्हायच्या आत, २००० साली, अमेरिकेत एक कादंबरी आली आणि तिने हीच भीती सातशे पानांत पसरून ठेवली. मार्क झेड. डॅनिएलेव्स्की या लेखकाची ती पहिलीच कादंबरी, ‘हाऊस ऑफ लीव्ह्ज’. तिच्यावरून वाचकांमध्ये जे दोन तट पडले ते अजून मिटलेले नाहीत. एकाच पुस्तकाला कुणी आयुष्यातलं सर्वांत भीतिदायक पुस्तक म्हणतो, कुणी निव्वळ कागदाची नासाडी म्हणतो, आणि दोघंही अगदी मनापासून बोलत असतात. असं का होतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे. त्यासाठी आपल्याला अमेरिकेतून निघून वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत यावं लागेल.

आधी गोष्ट. विल नेव्हिडसन नावाचा नावाजलेला छायाचित्रकार आपल्या जोडीदारणीला आणि दोन मुलांना घेऊन व्हर्जिनियातल्या एका घरात राहायला जातो. काही दिवस सगळे बाहेरगावी जातात. परत येतात तर दोन झोपायच्या खोल्यांच्या मध्ये एक दार आलेलं असतं. आधी ते नव्हतं. नेव्हिडसन टेप घेऊन घर मोजतो. घराची आतली लांबी बाहेरच्या लांबीपेक्षा पाव इंचाने जास्त भरते. तो पुन्हा मोजतो, मदतीला माणसं बोलावतो, चांगली यंत्रं आणतो. फरक जात नाही. मग दिवाणखान्याच्या भिंतीत एक काळाकुट्ट बोळ उघडतो. त्याच्या आत मोठाली दालनं, त्यांच्या आत खाली खाली जाणारा गोल जिना, आणि कुठेच काही नाही. फर्निचर नाही, खिडकी नाही, प्रकाश नाही. कधीतरी लांबून गुरगुरल्यासारखा आवाज येतो. आवाज करणारं काही आहे की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही.

पाव इंचाने घाबरायचं काय, असं कुणी म्हणेल. कसबा बावड्याच्या माणसाने तरी तसं म्हणू नये. पंचगंगेची पातळी मोजली जाते ती बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या घराघरांत हा आकडा तासातासाला विचारला जातो. पाणी अजून दाराशी आलेलं नसतं, पण आकडा इंचाइंचाने वर सरकतो आणि पोटात गोळा येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पातळीने ५५ फूटही ओलांडले. डॅनिएलेव्स्कीने नेमकी हीच जागा पकडली आहे. आकडा हा आपला भरवशाचा माणूस असतो, आणि त्यानेच दगा दिला की पायाखालची जमीन खरोखर हलते.

कादंबरी एवढीच असती तर भांडण झालंच नसतं. ही सगळी हकिगत आपल्याला सरळ मिळत नाही. नेव्हिडसनने घरात घडलेल्या प्रकाराचा एक माहितीपट बनवला. त्या माहितीपटावर झांपानो नावाच्या एका आंधळ्या म्हाताऱ्याने मोठा विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहिला, तळटीपांनी खच्चून भरलेला. म्हातारा मेला, त्याचे कागद जॉनी ट्रुअंट नावाच्या भरकटलेल्या तरुणाला सापडले. जॉनीने ते लावायला घेतले आणि खाली स्वतःच्या तळटीपा लिहिल्या. त्या टीपांत त्याची दारू, त्याच्या भानगडी, त्याचं हळूहळू ढासळत जाणं. शिवाय तो सुरुवातीलाच सांगून टाकतो की असा माहितीपट जगात कुठे नाहीच. म्हणजे नसलेल्या चित्रपटावर, ज्याला दिसत नाही अशा माणसाने लिहिलेला ग्रंथ, ज्याचा भरवसा धरता येत नाही अशा माणसाने संपादित केलेला. तळटीपांत खऱ्या पुस्तकांबरोबर कधीच न लिहिली गेलेली पुस्तकं बेमालूम मिसळलेली.

छपाईची तऱ्हा त्याहून वेगळी. ‘घर’ या अर्थाचा शब्द येईल तिथे निळ्या शाईत. माणसं बोळात शिरली की पानावरची अक्षरंही अरुंद होतात. कुठे पानावर दोन-चारच शब्द, कुठे मजकूर उलटा, कुठे आरशात धरून वाचावा लागेल असा. पानाच्या मधोमध एक चौकट, तिच्यात भलतीच यादी, ती पुढच्या पानांवर चालूच. परिशिष्टात जॉनीच्या आईने मनोरुग्णालयातून लिहिलेली पत्रं, त्यांतल्या एका पत्राचा खरा मजकूर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर जोडत गेल्यावर निघतो. पुस्तक हातात फिरवत, मागे-पुढे पानं चाळत, बोटं तीन ठिकाणी अडकवून वाचायचं.

आता वाचकांचं म्हणणं ऐकू. नाराज वाचकांची पहिली तक्रार अशी की ही सगळी कसरत आहे, लेखकाला आपली हुशारी दाखवायची आहे. दुसरी तक्रार जॉनीबद्दल. घरातली माणसं अंधारात हरवलेली असताना मध्येच या पोराच्या रात्रीच्या उनाडक्या कशाला वाचायच्या? भीती जमत आलेली असते, तिच्यावर हा पाणी ओततो. खुश वाचक नेमकं याच गोष्टींकडे बोट दाखवतात. तळटीपेमागे तळटीप धरून जाताना आपण मूळ मजकुरात परत कसं यायचं तेच विसरतो, आणि तेव्हा लक्षात येतं की आपणही त्या बोळात आहोत. जॉनीशिवाय पुस्तक मेलं असतं, कारण वाचून वेडावणारा माणूस कसा दिसतो ते त्याच्याकडे पाहून कळतं. मधला एक गट आहे, तो नेव्हिडसनचं सगळं वाचतो आणि जॉनीची पानं उलटून टाकतो. आणखी एका गटाला यात भयकथा फारशी दिसतच नाही. त्यांच्या लेखी हे विद्यापीठीय लेखनाचं विडंबन आहे, किंवा एका मोडत चाललेल्या संसाराची प्रेमकथा आहे. खुद्द लेखकालाही हे प्रेमकथा म्हणणारं वाचन पटलेलं आहे.

दोन्ही बाजूंनी दाखले तेच दिले जातात, हे ध्यानात घ्यायला हवं. एरवी पुस्तकांवरचे मतभेद असे नसतात. कुणाला कथानक आवडतं, भाषा आवडत नाही, कुणाला उलट. इथे एकाच तळटीपेपाशी एक जण थरारतो आणि दुसरा पुस्तक मिटतो.

याची उकल मला हान्स रॉबर्ट याऊस या जर्मन समीक्षकाकडे सापडते. १९६७ साली कोन्स्टान्झ विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्याने असं मांडलं की कुठलाही वाचक कोऱ्या मनाने पुस्तक उघडत नाही. आधी वाचलेल्या पुस्तकांनी त्याच्यासमोर अपेक्षांचं एक क्षितिज आखून ठेवलेलं असतं. नवं पुस्तक त्या क्षितिजाच्या आत राहतं किंवा ते मोडतं. भयकथेच्या बाबतीत हे क्षितिज फार ठाम असतं. रहस्यकथेच्या वाचकाला खुनी हवा, भयकथेच्या वाचकाला भीती हवी. ती चढत जायला हवी आणि शेवटी कुठेतरी सुटायला हवी. प्रयोगशील लेखक हा करारच मोडतो, आणि तो मोडला असं सांगतही नाही.

भीतीचा स्वतःचाही एक नियम आहे. डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हायले गावाजवळच्या एका भूतबंगल्यात, म्हणजे लोक पैसे देऊन घाबरायला जातात अशा खेळात, ११० जणांच्या छातीचे ठोके मोजले. २०२० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. भीती वाढत गेली तशी मजा वाढली, पण एका टप्प्यापर्यंतच. त्या पलीकडे भीती वाढली की मजा उतरली. फार कमी भीतीतही मजा नाही, फार जास्तीतही नाही, मधे एक जागा असते. आता असं पाहा की पुस्तकातली ही जागा गाठायला वाचकाला गोष्टीत बुडून जावं लागतं. पान उलटं धरायला लावणारं पुस्तक ज्याला गोष्टीतून बाहेर खेचतं, त्याची भीती पार शून्यावर येते. ज्याला तेच पान गोष्टीच्या आणखी आत ढकलतं, त्याची भीती चढते. त्यामुळे अशा पुस्तकाला ‘बरं आहे’ म्हणणारे थोडे आणि टोकाचं बोलणारे पुष्कळ, हे ओघानंच आलं.

माझ्या मते इथे आणखी एक गोष्ट जास्त मोलाची आहे, आणि ती डॅनिएलेव्स्कीच्या शंभर वर्षं आधीपासून चालत आली आहे. हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ १८९८ मध्ये आली. एका वाड्यात दोन मुलांना सांभाळणाऱ्या बाईला मेलेली माणसं दिसतात. ती खरंच येतात की बाईच्या मनाचे खेळ आहेत? १९३४ साली एडमंड विल्सन या समीक्षकाने दुसरी बाजू जोरात मांडली आणि मग अनेक दशकं वाद पेटत राहिला. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या त्स्वेतान तोदोरोव्हने १९७० मध्ये या घुटमळण्यालाच अद्भुत साहित्याचा प्राण म्हटलं. घडलं ते निसर्गनियमांतलं की त्यापलीकडचं, हे ठरत नाही तोवरच अद्भुत जिवंत राहतं. उत्तर मिळालं की ते संपलं. हे घुटमळणं काहींना सुखाचं वाटतं, काहींना असह्य होतं. उत्तर न मिळाल्याची चीड ही आळशी वाचकाची खूण आहे, असं म्हणणारे समीक्षक मला पटत नाहीत. दिवसभर घाम गाळून रात्री तासभर वाचणाऱ्याने पुस्तकाकडून निकाल मागितला तर त्यात त्याचं काय चुकलं?

आता आंबोली घाट उतरून खाली वेंगुर्ल्याला येऊ. वायंगणीजवळ कोंडुरा नावाचा समुद्रकिनारा आहे. त्या जागेचं नाव चिंतामण त्र्यंबक खानोलकरांनी १९६६ साली आपल्या कादंबरीला दिलं. घरात अपमानाचं जिणं जगणारा परशुरामतात्या, त्याला कोंडुऱ्यापाशी लाभलेली शक्ती, त्या शक्तीबरोबर आलेली ब्रह्मचर्याची अट, गर्भ पाडणारी मुळी, आणि त्यानंतर त्याच्या भोवतीच्या माणसांची झालेली राखरांगोळी. शक्ती खरी होती की अपमानित माणसाच्या मनाने ती उभी केली? देवी बोलली की तात्याला ऐकू आलं? खानोलकर वाचकाला कुठेही उभं राहायला सपाट जागा देत नाहीत. इथे तळटीपा नाहीत, निळी शाई नाही. प्रयोग वाक्यांत आहे, मनातलं आणि बाहेरचं यांच्यातली भिंत काढून टाकण्यात आहे.

खानोलकरांच्या कादंबऱ्यांवर मराठीत दोन मतं सतत राहिली. एका बाजूला त्यांना नियतीचं आणि पापाचं खोल भान असलेला अपूर्व प्रतिभावंत मानणारे, दुसऱ्या बाजूला हे सगळं अंधुक, अतिरेकी आणि दुर्बोध म्हणणारे. श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये ‘कोंडुरा’वर हिंदीत आणि तेलुगूत चित्रपट केला, पटकथेत त्यांच्याबरोबर गिरीश कार्नाड होते. अनंत नाग, स्मिता पाटील, अमरीश पुरी अशी मंडळी असूनही तो बेनेगलांच्या गाजलेल्या चित्रपटांच्या यादीत क्वचितच घेतला जातो. मला तो पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो.

त्याच काळात मराठी भयकथेची खरी मोठी वाट नारायण धारप बांधत होते. धारपांचा (१९२५–२००८) वाचकाशी करार स्वच्छ होता. दुष्ट शक्ती आहे, ती खरी आहे, ती वाढेल, माणसं बळी पडतील, आणि तिला तोंड देणारा कुणीतरी उभा राहील. त्यांच्या कथांतले तारणहार समर्थ आले की वाचकाने श्वास सोडायचा. गावोगावच्या वाचनालयांतून धारपांची पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरली, आणि समीक्षकांनी त्यांची दखल जवळजवळ घेतलीच नाही. हा मराठी समीक्षेने केलेला अन्याय आहे असं मला स्पष्टपणे वाटतं. धारपांनी दोन-तीन पिढ्यांना अंधारात एकट्याने वाचायला शिकवलं. पण धारपांच्या कपाटासमोरून उठून ‘कोंडुरा’ उचलणाऱ्याची स्थिती काय होत असेल, याचीही कल्पना करा. तो समर्थांची वाट पाहत राहतो, आणि समर्थ येत नाहीत. उलट खानोलकरांच्या कवितेवर पोसलेला वाचक धारप उघडतो आणि पंचविसाव्या पानावर म्हणतो, हे तर सगळं सांगूनच टाकलं. दोघांनाही पुस्तकाने फसवलेलं नाही. ते वेगळ्या कपाटासमोरून आले, इतकंच.

वाचक कुठल्या वाटेने आला यावर मत किती हलतं, याचा मोजून केलेला एक अभ्यास आहे. बालाज कोव्हाच आणि अमांडा शार्की यांनी २०१४ मध्ये इंग्रजी पुस्तकांवरच्या हजारो वाचकांची मतं तपासली. मोठं पारितोषिक मिळालेली पुस्तकं आणि त्याच पारितोषिकाच्या अंतिम यादीत राहून गेलेली पुस्तकं, अशी तुलना. पारितोषिक जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकांबद्दलची वाचकांची मतं खाली घसरली. पुस्तक तेच होतं. नवे वाचक मात्र पारितोषिकाच्या हाकेने आले, स्वतःच्या आवडीने नाही, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा हिरमोड झाला. ‘हाऊस ऑफ लीव्ह्ज’ची गत अशीच आहे. ‘जगातलं सर्वांत भयानक पुस्तक’ म्हणून ते हातात देणारा माणूस त्या पुस्तकाचं नुकसान करतो.

आणि काळ? तोही मतं फिरवतो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा मूळ हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ ला आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, आणि त्यातल्या भीतीचं बीज धारपांच्या कथेत. पहिल्या खेपेला कौतुक झालं, पण थिएटरात गर्दी मोजकीच होती. पुष्कळांना तो संथ वाटला, हे भयपट की लोककथा हेच उमगेना. १३ सप्टेंबर २०२४ ला तोच चित्रपट पुन्हा लावला, आणि दुसऱ्या खेपेची कमाई पहिल्या खेपेहून कितीतरी अधिक झाली. चित्रपटातली एक चौकटही बदलली नव्हती. मधल्या सहा वर्षांत प्रेक्षकाला त्याच्याकडून काय मागायचं ते कळलं होतं. उलटी उदाहरणंही आहेतच. डॅनिएलेव्स्कीने २०१५ पासून ‘द फमिलिअर’ ही सत्तावीस खंडांची कादंबरी काढायला घेतली. पाच खंड झाले, आणि खर्च भागण्याइतके वाचक नाहीत म्हणून २०१८ मध्ये काम थांबलं.

आजच्या मराठीत हृषीकेश गुप्ते ‘दंशकाल’, ‘घनगर्द’, ‘हाकामारी’ अशा पुस्तकांतून धारप आणि खानोलकर या दोन वाटा एकमेकींना भेटवू पाहताहेत. त्यांच्याबद्दलही दोन मतं ऐकू येतात, आणि ती तशी ऐकू येणं मला आशेचं वाटतं. कोल्हापूरला वाचनाची जुनी सवय आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. वि. स. खांडेकर याच शहरात राहिले, बाबा कदमांच्या कादंबऱ्यांनी इथल्याच माणसांच्या रात्री जागवल्या. एकाच शहराने दोघांनाही वाचलं. इथला वाचक ‘लई भारी’ आणि ‘काय बी कळंना’ यांच्या मधलं फारसं बोलत नाही, आणि अशा पुस्तकांच्या बाबतीत ती टोकाची मतंच जास्त उपयोगी ठरतात. ‘काय बी कळंना’ म्हणणारा नेमका कुठल्या पानावर थांबला, तेवढं विचारा. ‘लई भारी’ म्हणणारा त्याच पानावर काय करत होता, तेही विचारा. दोन उत्तरं शेजारी ठेवली की पुस्तक कसलं आहे ते बऱ्यापैकी समजतं.

तेव्हा माझी विनंती अशी. ‘हाऊस ऑफ लीव्ह्ज’ हाती आलं तर पहिल्या वाचनात नेव्हिडसनच्या घराची गोष्ट धरून चला. तळटीप ओढेल तेवढीच वाचा, जॉनी नकोसा झाला तर पुढे जा, पुस्तक रागावणार नाही. शंभर पानांनंतरही घर मनात शिरलं नाही, तर खुशाल परत करा. मराठीत सुरुवात करायची तर आधी धारप, मग ‘कोंडुरा’, असा क्रम ठेवा आणि दोन्हींच्या मध्ये थोडे दिवस जाऊ द्या. आणि तुमच्या भागातल्या वाचनालयात ‘कोंडुरा’ची प्रत नसेल, तर मागणीच्या वहीत तिचं नाव आजच लिहून ठेवा.